पुण्यातला २ बीएचके आणि पेशवेकालीन देवळाचा बाज: दगड, महिरप, देवघर कसं जमवावं?

(एका मंचावरची प्रश्नोत्तरं; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पेठेबाहेरचा

कोथरूडला नवव्या मजल्यावर २ बीएचके आहे. कार्पेट ७४० चौरस फूट, स्लॅबखाली स्वच्छ उंची ९ फूट ४ इंच, बांधकाम मायवानचं, म्हणजे भिंती आणि स्लॅब साच्यात एकत्र ओतलेल्या काँक्रीटचे. बिल्डरने ८०० बाय ८०० मिमीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवून दिल्यात. किचनला लागून ४ फूट बाय साडेतीन फुटांची कोठी आहे, तिचं दार काढून देवघर करायचं आहे.

घराला पुणे-वाईकडच्या पेशवेकालीन देवळांचा बाज हवा. म्हणजे तुळशीबागेतल्या राममंदिराचा लाकडी सभामंडप, सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीचा काळा दगड, मेणवलीच्या घाटाचा साधेपणा. इंटिरियरवाल्यांच्या ड्रॉइंगमध्ये टीव्हीमागे एमडीएफची सीएनसी मशीनवर कापलेली महिरप, तिच्यामागे एलईडी पट्टी, फॉल्स सीलिंगमध्ये मोठं कमळ आणि डायनिंगच्या भिंतीला शिखराचा वॉलपेपर आहे. बघून दिवाळीतलं मिठाईचं दुकान आठवतं.

प्रश्न असे:
१. टाइल्स न काढता वरून काळा दगड बसवता येईल का?
२. भिंतीत कोनाडे कोरता येतील का?
३. जुन्या वाड्यांचं लाकूड आणून खांब-महिरप करावी का?
४. चुन्याचा गिलावा फ्लॅटमध्ये टिकतो का?
५. देवघराची मापं, उजेड, समई, घंटा यांचं काय?

वास्तूच्या दिशांवर चर्चा नको, तो विषय घरात मिटलेला आहे.

सभामंडप

आधी ते ड्रॉइंग बाजूला ठेवा. त्यात देवळाची चित्रं आहेत, देऊळ कुठेच नाही. देवळात शिरताना काय होतं ते आठवा. अंगणात लख्ख ऊन, सभामंडपात निम्मा उजेड, अंतराळात (सभामंडप आणि गाभारा यांच्यामधल्या जागेत) त्याहून कमी आणि गाभाऱ्यात समईपुरता. त्याचबरोबर छत खाली येत जातं, दार अरुंद होतं, पायाखाली दगड गार लागतो. हा क्रम फ्लॅटमध्ये आणता येतो, आणि तो आला की एकही महिरप नसली तरी चालतं.

तुमच्या घरात हा क्रम असा लावा. हॉल म्हणजे अंगण: पांढऱ्या भिंती, भरपूर उजेड, फॉल्स सीलिंग अजिबात नाही. ९ फूट ४ इंचांत कमळ लटकवलं की हाती साडेआठ फूट उरतात आणि पंखा डोक्यावर येतो. हॉलकडून कोठीकडे जाणारा पॅसेज हा सभामंडप. लाकूड फक्त तिथेच वापरा. कोठी म्हणजे गाभारा: काळा दगड फक्त तिथे. जे सामान सगळ्या घरभर पसरतं त्याची सजावट होते, एका जागी थांबतं तेव्हा त्याला अर्थ येतो.

आकारामागे कारण असतं, तेही बघा. वाईच्या ढोल्या गणपतीची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. १७६२ साली देऊळ बांधताना कृष्णेचा पूर दुभंगून जावा म्हणून ती तशी केली. तीच रेषा टीव्हीच्या पॅनेलला दिली तर ती कुठला पूर अडवणार आहे?

रंगाची चार नावं पुरेत: चुन्याचा पांढरा, सागाचा तपकिरी, बेसॉल्टचा काळा आणि गेरू. सोनेरी रंग फक्त खऱ्या पितळेचा. सोनेरी लॅमिनेट एका कोपऱ्यात आलं तरी बाकी सगळं नाटकाचा सेट वाटायला लागतं.

देवघराच्या मापांवर सावकाश लिहितो. आधी दगड आणि भिंतींबद्दल जाणकारांनी बोलावं, कारण मायवान आहे म्हणालात.

आरसीसी

मायवान असेल तर प्रश्न २ चं उत्तर सरळ नाही. या इमारतीत भिंत हाच खांब असतो. काँक्रीटच्या भिंतीत वरच्या दोन-अडीच सेंटीमीटरच्या आत सळई लागते. कोनाड्यासाठी छिन्नी लावली की आधी कव्हर (सळईवरचं काँक्रीट) जातं, मग सळई उघडी पडते, आणि सोसायटीची नोटीस येते ती वेगळीच. सुतार किंवा गवंडी "थोडंसंच कापतो" म्हणेल, त्याला कापू देऊ नका. प्लंबिंगच्या कडेची एखादी भिंत ब्लॉकची असू शकते, पण तीही चार इंची असेल तर त्यात खोल कोनाडा बसत नाही.

कोनाडे हवे असतील तर भिंतीपुढे दुसरी भिंत उभी करा. ती विटांची किंवा ब्लॉकची नको. हिशेब बघा: १०० मिमीचा एएसी ब्लॉक, २.७ मीटर उंची, दोन्हीकडून सिमेंटचा गिलावा, म्हणजे धावत्या मीटरला सव्वातीनशे ते साडेतीनशे किलो. खाली बीम नसताना हे वजन थेट स्लॅबवर येतं. त्याऐवजी जीआय चॅनेलची चौकट आणि ८ मिमी फायबर सिमेंट बोर्ड घ्या. दोन्हीकडून बोर्ड लावूनही चौरस मीटरला ३० किलोच्या आत बसतं, धावत्या मीटरला ८० किलो. खोली ७ इंच मिळते, कोनाड्याला तेवढी बास.

कोनाड्याचं माप १२ इंच रुंद, १६ इंच उंच, तळ जमिनीपासून ४ फुटांवर. एका भिंतीत दोन किंवा तीनच. आत एलईडी पट्टी नको. कोनाडा मुळात पणती ठेवायची जागा, तिथे काळोखी असली तरच त्याला खोली दिसते.

आता दगड. बेसॉल्टची घनता २.९ धरा. २० मिमीची फरशी चौरस मीटरला ५८ किलो, म्हणजे चौरस फुटाला साधारण साडेपाच. अॲडेसिव्ह धरून ६५ च्या आसपास. आधीची टाइल आणि तिच्याखालचा मसाला शंभरच्या पुढे आहेच. स्लॅबच्या डिझाइनमध्ये फ्लोअर फिनिशसाठी सहसा १०० ते १५० किलोच धरलेले असतात. सगळ्या घरभर वरून दगड चढवणं म्हणजे ती सवलत संपवणं. राहण्याच्या खोल्यांना २०० किलोचा चल भार वेगळा धरलेला असतो, पण तो माणसं आणि फर्निचरसाठी आहे, फरशीसाठी खर्च करायचा नाही. शिवाय जमीन एक इंच वर येते, सगळी दारं खालून कापावी लागतात आणि बाथरूमच्या उतारात गोंधळ होतो. कोठीपुरता दगड घ्या, तिथली टाइल काढूनच.

स्लॅबमध्ये ड्रिल मारण्याआधी बिल्डरकडून एक विचारून घ्या: स्लॅब पोस्ट टेन्शन्ड (आत ताणलेल्या केबल असलेला) आहे का? असेल तर केबलच्या नकाशाशिवाय घंटा, झोपाळा, लामणदिवा काहीही स्लॅबला टांगायचं नाही. साधा स्लॅब असेल तर ८ मिमीचा अँकर, ४० मिमी खोल, आणि आधी वायरिंगचे पाइप शोधून.

बाल्कनीत दगडी तुळशीवृंदावन ठेवणार असाल तर ते भरीव घेऊ नका. १८ बाय १८ बाय ३० इंचांचं भरीव वृंदावन साडेचारशे किलोंच्या वर जातं. २० मिमीच्या फरश्यांची पोकळ पेटी करून आत १२ इंची कुंडी ठेवली तर कुंडीतल्या ओल्या मातीसकट १३० किलोंच्या आसपास जातं. तेही भिंतीलगत, बीमवर. कॅन्टिलिव्हर (खालून आधार नसलेल्या) बाल्कनीच्या कठड्याकडे नाही.

पेठेबाहेरचा

स्लॅब साधा आहे, ड्रॉइंगमध्ये पाहिलं. घरभर दगडाचा विचार सोडला. पॅसेज ४ फूट रुंद, ११ फूट लांब आहे आणि त्याच्या सुरुवातीला दोन्हीकडे भिंतीची टोकं ४-४ इंच पुढे आलेली आहेत. तिथे खांब जमतील का? कोठीसाठी दुकानदार कडप्पा सुचवतोय, बेसॉल्टच्या निम्म्या भावात.

छिन्नी

देवघरात कडप्पा नको. कडप्पा आणि शहाबादी दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. दही, लिंबू, पंचामृत, चिंच, काहीही आंबट सांडलं की पॉलिश खातं आणि पांढुरका डाग पडतो. तो डाग पुसून जात नाही, कारण तिथे दगडच झिजलेला असतो. अभिषेक होणाऱ्या घरात वर्षभरात कडप्प्यावर ठिपक्यांची रांगोळी उमटते. बेसॉल्टला याचं काही होत नाही. आपली देवळं त्याच दगडाची आहेत, ते काही उगाच नाही.

दुकानात तपासायची रीत: तुकड्यावर लिंबाचा थेंब दहा मिनिटं ठेवा. पुसल्यावर निस्तेज ठसा दिसला तर चुनखडी. दुसरी तपासणी, पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन दगड घासा. फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला आहे. काळ्या दगडात हे सर्रास चालतं.

फिनिश आरशासारखं नको. देवळाच्या दगडाला घासून-घासून आलेली मऊ चमक हवी असेल तर लेदर किंवा होन्ड (आरशासारखी चकाकी न आणता घासलेलं) फिनिश घ्या. टाकीचे घाव असलेली फरशी भिंतीला छान, जमिनीला नको, घावांत तेल-कुंकू बसतं.

बसवताना होणारी चूक म्हणजे घाई. खालचा मसाला ओला असताना वर सीलर मारला की ओल अडकते आणि महिन्याभरात सांध्यांतून पांढरं मीठ फुटतं. फरशी बसल्यावर निदान दोन-तीन आठवडे उघडी सोडा, रोज कोरड्या ब्रशने मीठ झाडा, पाण्याने धुऊ नका. मग सिलेन-सिलॉक्सेन जातीचा आत मुरणारा सीलर, दोन हात. चकचकीत थर देणारा सीलर घेतलात तर समईच्या तेलाने तो पिवळा पडतो.

हळदीच्या डागाची काळजी करू नका, उन्हाने तो उडतो. कुंकवाचा उडत नाही. सीलरआधी कुंकू सांडलं तर ते घराचंच झालं. म्हणून कुंकवाचा करंडा नेहमी पितळी ताटलीत.

रंधा

खांबांचं. पेशवाई सभामंडपातला सुरूचा (सुरूच्या झाडासारखा निमुळता) खांब बघताना लोक कोरीवकाम बघतात आणि खालचा तळखडा विसरतात. लाकूड थेट जमिनीवर टेकत नाही, दगडी तळखड्यावर उभं असतं, कारण खालून ओल चढते आणि वाळवी येते. तुमच्या घरात ओल म्हणजे रोजचं फरशी पुसायचं पाणी. प्लायवुडच्या खांबांची खालची चार इंचं फुगलेली दिसतात ती याच पाण्याने. तळखडा ठेवलात तर शोभा आणि काम दोन्ही होतं.

तुमच्या ४ इंचांच्या टोकांवर पूर्ण खांब बसणार नाही, अर्धखांब करा. तळखडा बेसॉल्टचा, ८ इंच रुंद, ५ इंच पुढे, ७ इंच उंच. त्यावर कमळाच्या पाकळ्यांचा गड्डा, मग वर निमुळता होत जाणारा दांडा, खाली साडेपाच इंच तर वर साडेचार. सरळसोट दांडा केलात तर तो सुरूचा खांब राहत नाही, पाइप दिसतो. लाकूड आणि काँक्रीटमध्ये १० मिमी जागा सोडा, मागच्या पट्टीला स्क्रूने पकडा. पावसाळ्यात साग थोडा फुगतो, जागा नसेल तर सांधा उघडतो.

महिरपीबद्दल एक गैरसमज. लाकडी सभामंडपातली महिरप वजन घेत नाही. वजन तुळई घेते, महिरप ही दोन खांबांमध्ये तुळईखाली बसवलेली कोरीव फळी असते. म्हणजे फ्लॅटमध्ये वजन न पेलणारी महिरप करणं हा खोटेपणा नाही, मुळातही ती तशीच होती. पण तिला दोन्हीकडे खांब आणि वर तुळई हवी. नुसती भिंतीवर चिकटवलेली महिरप म्हणजे केकवरची नक्षी.

४ फूट रुंदीला पाकळ्या ७ किंवा ९ घ्या, विषम संख्या, म्हणजे मधली पाकळी बरोबर शेंड्यावर येते. फळी दीड इंच जाड. १८ मिमी एमडीएफमध्ये कापलेल्या महिरपीची कड सपाट असते, सावलीच पडत नाही. पैसे कमी असतील तर दोन थर करा: मागे १२ मिमी, पुढे १८ मिमी साग, मागचा थर अर्धा इंच आत सरकवून, आणि पुढची कड पटाशीने हाताने गोल मारायला सांगा. मशीनवर नक्षी कापून घ्या, कड मात्र हातानेच. माणूस बघतो ती कडच.

वर तुळई ४ बाय ५ इंच. पॅसेजला कडीपाट जमेल: २ बाय ३ इंचांच्या कड्या, १२ इंचांवर एक, ११ फुटांत दहा-अकरा कड्या. दोन्ही भिंतींना पट्टी मारून त्यावर ठेवा, स्लॅबला भोक पाडायची गरजच नाही. कड्यांच्या मध्ये स्लॅब चुन्याने पांढरा सोडा, तक्तपोशी मारू नका. ४ फूट रुंद पॅसेजमध्ये वरून फळ्याही आल्या तर बोगदा होतो.

जुन्या वाड्यांचं लाकूड जरूर घ्या, तसा दाट रेषांचा साग आता नव्यात मिळणं कठीण. घेताना:

टोकाशी पिठासारखा भुसा गळतोय का बघा. गळत असेल तर भुंगा जिवंत आहे. लांबीने सगळीकडे हातोडी वाजवा, बद्द आवाज आला तिथे आतून पोकळ. हवं त्यापेक्षा प्रत्येक बाजूला पाव इंच जास्त घ्या, तेवढं रंध्यात जातं. आणि चिरण्याआधी लोहचुंबक किंवा मेटल डिटेक्टर फिरवा. आत दडलेल्या एका चौकोनी खिळ्याने करवतीचं पातं जातं आणि सुताराचा दिवस जातो. चिरल्यावर बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्याचे दोन हात, मग पंधरा दिवस सावलीत वाळू द्या.

पॉलिश चकचकीत नको. उकळलेलं जवसाचं तेल, दुकानात बेलतेल म्हणून मिळतं, पातळ तीन हात, प्रत्येकात निदान एक दिवस. दहा मिनिटांनी जास्तीचं पुसून काढा, नाहीतर चिकट राहून धूळ धरतं. तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा, मग उघडी पसरून वाळवा. कामगारांना हे बजावून सांगा, बहुतेकांना खरं वाटत नाही.

चुनाभट्टी

चुना टिकतो. पण तुमच्या भिंतीला तो धरणार कसा हा प्रश्न आहे. मायवानची भिंत काचेसारखी गुळगुळीत, त्यावर बिल्डरची पुट्टी आणि प्लास्टिक पेंट. यावर चुना मारला तर पापड्या निघून येतील. आधी पेंट आणि पुट्टी पूर्ण खरवडा. मग जाडसर वाळू घातलेला बाँडिंगचा पातळ थर द्या, भिंत सँडपेपरसारखी खरखरीत लागली पाहिजे. बोर्डाच्या भिंतीवर सांध्यांना आधी जाळीची पट्टी, नाहीतर प्रत्येक सांधा चिरेने उमटेल.

पहिला थर नैसर्गिक हायड्रॉलिक चुना १, वाळू ३, जाडी ८ मिमी. वाळू धुतलेली, नाहीतर चिकणमातीमुळे चिरा. दुसरा थर भिजवून मुरवलेल्या चुन्याचा, बारीक चाळलेली वाळू किंवा संगमरवराची भुकटी घालून, २ ते ३ मिमी. करणीने दाबत दाबत घोटायचा. पहिला थर बोटाने दाबला तर खळगा पडत नाही पण नखाने ओरखडा उठतो, तेव्हा दुसरा चढवा. पूर्ण वाळल्यावर चढवलात तर दोन्ही थर वेगळे होतात.

सगळ्यात मोठी चूक: वाळावं म्हणून पंखे लावणं. चुना सुकून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन होतो आणि त्याला ओल लागते. सात दिवस सकाळ-संध्याकाळ फवाऱ्याने धुकं मारा, खिडक्या अर्धवट उघड्या, पंखे बंद. एप्रिल-मेमध्ये हे काम काढू नका. भिंत पुरेशी पक्की व्हायला काही आठवडे जातात, तोवर खिळा नाही, फर्निचर टेकवणं नाही.

रंग मातीचेच: गेरू, पिवडी. चुना क्षारीय असल्याने बाकीचे पुष्कळ रंग फिके पडतात. खाली ४ इंचांचा गेरूचा पट्टा ओढला की स्कर्टिंगची टाइल लागत नाही आणि देवळाच्या ओवरीची आठवण येते. वरून ऑइल पेंट किंवा वार्निश कधीच नाही.

गूळ, बेलफळ, ताग वगैरे मिसळण्याची हौस अनुभवी गवंडी असेल तरच. गुळाचं प्रमाण चुकलं की फ्लॅटमध्ये मुंग्यांची पालखी निघते.

किचन आणि बाथरूमच्या बाजूला चुना नको. पॅसेज, कोठी आणि हॉलची एक भिंत, एवढंच करा.

तेरेखोलकाठ

चुन्याचा विषय निघालाय तर कावीकामही होईल की. चुन्याच्या पांढऱ्या थरावर काव मिसळलेल्या चुन्याचा लाल थर, घोटून गुळगुळीत करायचा आणि ओला असतानाच लोखंडी टोकाने खरवडून खालचा पांढरा काढायचा. लाल-पांढरी वेलबुट्टी, कंपासने काढलेली कमळं. पेडण्यात मोरजीच्या मोरजाईच्या देवळात बघायला मिळेल. काम काही तासांतच उरकावं लागतं, थर आवळला की टोक सरकत नाही, काठ तुटतात. म्हणून भिंतीवर थेट करू नका. २ बाय ३ फुटांच्या सिमेंट बोर्डावर करवून फ्रेममध्ये आणा.

सभामंडप

कावी सुंदरच, पण ती कोकण-गोव्याची. प्रश्नकर्त्यांना पुणे-वाईचा बाज हवाय. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात भित्तिचित्रं आहेत, घाटावर नुसता दगड आहे. त्यात कावी आणली, वर चेट्टिनाडचे खांब आणि राजस्थानी झरोका आला की सगळं पुन्हा हॉटेलच्या लॉबीकडे जातं. गावी सावंतवाडीकडे घर असतं तर मीच आधी सुचवली असती.

आता देवघर. कोठी ४ फूट रुंद, साडेतीन फूट खोल.

दाराची चौकट ७ फुटांची आहे, ती ६ फूट ३ इंचांवर आणा आणि रुंदी २ फूट ८ इंच. आत जाताना मान किंचित लवते. वरच्या पट्टीच्या मधोमध गणेशपट्टी, ४ इंचांची, लाकडातच कोरलेली. बाजूला द्वारशाखा म्हणून दोन उभ्या खाचा पुरेत, तीन शाखा करायला लाकडाची रुंदी नाही.

उंबरठ्याची गंमत आहे. आत १५ इंच खोल ओटा घेतलात तर पुढे २ फूट ३ इंच उरतात. मांडी घालून बसायला अडीच फूट लागतात, म्हणजे पूजा करणारा थोडा पॅसेजमध्ये येतो आणि उंबरठा बरोबर पाटाखाली. म्हणून उंच उंबरठा नको. ५ इंच रुंदीची बेसॉल्टची पट्टी जमिनीच्या पातळीतच बसवा, तिच्यात पितळी कमळ जडवा. घरातल्या वयस्कर माणसांच्या पायातही येत नाही. त्याच्या आत, पाट जिथे येत नाही तिथे, ८ इंचांचं दगडी कासव, तेही पातळीत. कीर्तिमुख (सिंहासारखा कोरीव चेहरा) मात्र पायपुसण्याजवळ आणू नका.

ओटा १५ इंच उंच. पाटावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ३० इंचांवर येतात. ओटा १५, चौरंग-सिंहासन ८, मूर्ती ६ इंच, म्हणजे देवाची नजर २८ इंचांच्या आसपास, जवळजवळ समोरासमोर. तयार देव्हारे अडीच-तीन फुटांच्या टेबलावर ठेवतात ते उभ्याने नमस्कार करून ऑफिसला पळणाऱ्यांसाठी. तुमच्याकडे बसून पूजा होत असेल तर ते माप चुकीचं.

ओट्याला पुढे एक शतांश उतार द्या, म्हणजे १५ इंचांत जेमतेम ४ मिमी, आणि डाव्या कोपऱ्यात छोटं गोमुख, खाली तांब्याचं भांडं. ड्रेनची लाइन जोडू नका, तीर्थ आणि गटार यांची गाठ नको, शिवाय ट्रॅप सुकला की वास येतो. शिवलिंग असेल तर प्रणाल (अभिषेकाचं पाणी जाण्याची पन्हळ) उत्तरेकडे, एवढं तरी दिशेचं बघा. ओट्याखाली दोन खण: एक वाती-कापसाचा, एक निर्माल्याचा. निर्माल्याच्या खणाला जाळीचा तळ, नाहीतर दोन दिवसांत बुरशी.

उजेडावर जरा रेंगाळतो, कारण निम्मी देवघरं इथे बिघडतात. मूर्तीमागे एलईडी पट्टी लावली की प्रभावळ उजळते आणि चेहरा काळा पडतो. वरून सरळ स्पॉट मारला की डोळ्यांच्या खोबणीत सावली आणि नाक लांब. गाभाऱ्यात प्रकाश समयांचा, म्हणजे समोरून, दोन्ही बाजूंनी, खालून. म्हणून दाराच्या चौकटीच्या आतल्या बाजूला, डावी-उजवीकडे, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला दोन ३ वॉटचे दिवे, २७०० केल्व्हिन (पिवळसर उजेड), २४ अंशांचा झोत, ९० च्या वर सीआरआय (रंग खरे दिसण्याचं माप). पाटावर बसल्यावर ते पाठीमागे राहतात, डोळ्यांत येत नाहीत. डिमर स्वतंत्र. ड्रायव्हर आणि बटण बाहेर, आत तेलकट हवेत ते लवकर मरतात. समई लावली की दिवे दहा टक्क्यांवर. काळ्या दगडावर पितळेची झाक तेव्हाच दिसते.

आतलं छत ७ फुटांवर, सिमेंट बोर्डाचं, त्यावर चुना. समईच्या ज्योतीपासून वर लाकूड असेल तर निदान ३ फूट अंतर हवं. काजळी धरणारच, म्हणून समईच्या वरचा २ बाय २ फुटांचा तुकडा स्क्रूवर ठेवा. दरवर्षी काढून चुन्याचा हात मारा आणि परत लावा. काजळी जास्त येते ती लांब वातीने, वाऱ्याच्या झोताने आणि कापराने. पॅसेजमधल्या एसीचा झोत कोठीकडे वळलेला असेल तर आधी तो वळवा. चौकटीच्या वर ६ इंचांची लाकडी जाळी ठेवा, धूर तिथून निघेल.

स्प्रिंकलर किंवा धूरसूचक असेल तर त्यावर टोपी घालणं, तो छताआड लपवणं अजिबात नाही. पॅसेजमधला सूचक धुपाने वाजत असेल तर सोसायटीच्या अग्निशमन कंत्राटदाराकडून जागा बदलून घ्या.

आरसीसी

लामणदिव्यासाठी जोड: तो चालण्याच्या वाटेवर नको, आणि तळ साडेसहा फुटांच्या खाली नको. खाली पितळी ताट ठेवा, तेल ठिबकतंच. कडीपाटाच्या कडीला टांगणार असाल तर कडीला आरपार बोल्ट, नुसता स्क्रू-हूक नाही. तेल भरताना दिवा ओढला जातो, हूक सैल होतो आणि एक दिवस तेल-वातीसकट सगळं खाली.

पेठेबाहेरचा

घंटेचं राहिलं. आणि जुन्या बाजारात देवळाच्या दाराची कोरीव चौकट आणि एक वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड) मिळतेय. घ्यावी का?

छिन्नी

वीरगळ घेऊ नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांपेक्षा जुन्या शिल्पाची आणि कोरीवकामाची गणना पुरावशेषांत होते. विकणाऱ्याकडे परवाना लागतो, दगडी शिल्प बाळगणाऱ्याला नोंदणी लागते. त्याच्याकडे यातलं काही आहे का विचारा, बहुधा भाव लगेच उतरेल. कुठल्या तरी गावाच्या वेशीवरून उचललेला दगड तुमच्या शू-रॅकशेजारी कशाला? चौकटीलाही तोच नियम. वाड्याच्या साध्या कड्या, तुळया, फळ्या पक्क्या बिलावर घ्या. कोरीव काही हवं असेल तर नवं कोरून घ्या, करणारे हात अजून आहेत.

घंटा पितळेची घेऊ नका, काशाची घ्या. काशात तांब्याबरोबर कथिल साधारण पाचवा हिस्सा असतं, त्याने नाद लांबतो. पितळेची टण् करून थांबते. दुकानात दोरीवर लटकवून वाजवा आणि मनात आकडे मोजा. नाद मध्येच फाटला किंवा खरखरला तर बारीक तडा आहे. फ्लॅटला ४ इंच व्यासाची पुरे, त्याहून मोठी पहाटे काकडआरतीला वाजली की खालच्या मजल्याचीही पूजा होते. टोल्याला चामड्याची बारीक पट्टी गुंडाळली तर आवाज मऊ होतो.

रंधा

आणि ती घंटा गणेशपट्टीला टांगू नका, रोजच्या हादऱ्याने चौकटीचा वरचा सांधा सुटतो. तुळईतून आरपार १० मिमीचा आयबोल्ट, वरून वॉशर आणि दुहेरी नट. घंटेचा तळ ६ फुटांवर, आणि दाराच्या मध्यरेषेपासून ९ इंच डावीकडे, म्हणजे आत जाताना कपाळाला लागणार नाही.